भावोजींनी पाठवलेला शोधनिबंध खरा मानायचा का?

पत्र

माझी मुलगी आठवीत आहे, तेरा पूर्ण होऊन चौदावं लागलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची, म्हणजे एचपीव्ही या विषाणूवरची लस द्यायला सांगितलं. आम्ही तयार होतो. पण गणपतीत घरी आलेल्या भावोजींनी एक इंग्रजी पीडीएफ दाखवली आणि मग ती वाडीच्या ग्रुपवरही टाकली. त्यात लिहिलंय की ही लस घेतलेल्या मुलींना दिवस जाण्याचं प्रमाण कमी असतं. तक्ते आहेत, जर्नलचं नाव आहे. भावोजी म्हणतात, हे शास्त्रीय आहे, उगाच कोणाची तरी थाप नाही. सासूबाई घाबरल्यात. त्यात दुसऱ्या कोणी "आंध्रात या लशीनं मुली दगावल्या" असा व्हिडिओ टाकला. मी बारावी सायन्स आहे. इंग्रजी वाचता येतं, पण असलं वाचायची सवय नाही. डॉक्टर म्हणतात, काही होत नाही. एका बाजूला छापील कागद, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांचा शब्द. खरं कसं ओळखायचं?

— एक आई, गुहागर तालुका

उत्तर

ताई,

तुमचे भावोजी एका बाबतीत बरोबर आहेत. तुम्ही पत्रासोबत पहिल्या पानाचा जो फोटो पाठवलात, तो खराखुरा शोधनिबंध आहे. 'जर्नल ऑफ टॉक्सिकॉलॉजी अँड एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ' या नियतकालिकात तो २०१८ साली छापून आला. मात्र पीडीएफमध्ये न दिसणारी गोष्ट अशी की, त्याच नियतकालिकानं २०१९ मध्ये तो मागे घेतला. संख्याशास्त्रीय विश्लेषणात गंभीर दोष आहेत, असं कारण जाहीर करून.

मागे घेतलेला निबंध नाहीसा होत नाही. नियतकालिकाच्या संकेतस्थळावर त्याच्यावर शिक्का बसतो, पण ज्यानं फाइल आधीच उतरवून ठेवली त्याच्या फोनमधली प्रत कोरीच राहते आणि तीच फिरत राहते. म्हणून हातात आलेल्या पीडीएफवरून मत बनवू नका. त्या निबंधाचं आजचं पान उघडा. काम पाच मिनिटांचं आहे, रेंज असली की झालं.

पहिल्या पानावर, बहुधा अगदी वर नाही तर तळाला, 'डीओआय' असं लिहून १० या आकड्यानं सुरू होणारी आणि मधे तिरपी रेघ असलेली एक लांब ओळ असते. निबंधाचा हा कायमचा क्रमांक. ब्राउझरमध्ये 'डीओआय डॉट ऑर्ग' उघडून तिथल्या चौकटीत ही ओळ जशीच्या तशी टाका. पान सापडलं नाही तर तीन गोष्टी बघा: ओळीच्या शेवटचा पूर्णविराम सोबत आला आहे का, मधेच एखादी मोकळी जागा शिरली आहे का, आणि फोटोवरून वाचताना शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांत गल्लत झाली आहे का. बहुतेक वेळा यांतलंच काहीतरी असतं.

क्रमांक नसेल तर पूर्ण शीर्षक 'पबमेड'वर शोधा. ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची सूची आहे, सगळ्यांना मोफत खुली. मागे घेतलेल्या निबंधावर तिथे 'रिट्रॅक्टेड' असं ठळक लिहिलेलं असतं आणि मागे घेण्याच्या निवेदनाचा दुवाही असतो. ते निवेदन जरूर वाचा, बहुतेक वेळा एखाद्या परिच्छेदाचंच असतं. 'करेक्शन' लिहिलेलं असेल तर किरकोळ किंवा मर्यादित दुरुस्ती झाली आहे, निबंध अजून उभा आहे. 'एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न' म्हणजे संपादकांना शंका आहे, चौकशी सुरू आहे. 'रिट्रॅक्शन' म्हणजे या निबंधावर आता कोणी भिस्त ठेवू नये. 'रिट्रॅक्शन वॉच' नावाची अशा निबंधांची वेगळी यादीही मोफत बघता येते. आणि एखादी गोष्ट पबमेडवर आहे म्हणून ती प्रमाणित झाली, असं समजू नका. ती सूची आहे, परीक्षेचा निकाल नाही.

इथे कोणी म्हणेल, मग ज्यावर शिक्का नाही ते सगळं खरं का? नाही. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध सुचवणारा निबंध 'द लॅन्सेट'सारख्या नामांकित नियतकालिकात फेब्रुवारी १९९८ मध्ये आला. तो केवळ १२ मुलांवर आधारलेला होता. पूर्णपणे मागे घेतला गेला फेब्रुवारी २०१० मध्ये. मधली बारा वर्षं तो मागे घेतल्याच्या शिक्क्याविना फिरत होता आणि त्या काळात किती आयांनी मुलांना लस देणं टाळलं असेल याचा विचार केला तरी वाईट वाटतं. तेव्हा निबंध वाचता यायला हवा. सगळा नाही, ठरावीक जागा.

तुमच्याच पीडीएफवर हे करून बघू.

तिचा दावा असा: अमेरिकेच्या एका राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातल्या २००७ ते २०१४ या काळातल्या २५ ते २९ वयाच्या स्त्रिया घेतल्या. लस न घेतलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के जणींना कधी ना कधी दिवस गेले होते, लस घेतलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के जणींना. फरक मोठा आहे आणि आकडे सर्वेक्षणातले आहेत. भावोजी तिथेच थांबले.

आता 'मेथड्स' नावाचा भाग उघडा. सारांश आणि शेवटचा निष्कर्ष हे दोन्ही लेखकाच्या मनासारखे लिहिलेले असतात. काम कसं केलं ते मेथड्समध्येच कळतं. तिथे एकच प्रश्न घेऊन बसा: तुलना कोणाची कोणाशी केली आहे, आणि या दोन गटांत लशीखेरीज आणखी काय वेगळं आहे?

ही लस अमेरिकेत जून २००६ मध्ये आली. जी बाई २००७ ते २०१४ मध्ये २५ ते २९ वयाची होती, ती २००६ मध्ये किमान सतरा वर्षांची होती. म्हणजे यांतल्या बहुतेकींनी लस शाळेत असताना घेतलेली नाही, मोठेपणी स्वतःहून जाऊन घेतली. तेव्हा कोण जातं लस घ्यायला? जी कॉलेजात आहे, जिच्याकडे आरोग्यविमा आहे, जी डॉक्टरांकडे नियमित जाते, जिनं अजून मूल होऊ द्यायचं ठरवलेलं नाही. आपल्याकडचं बघा. रत्नागिरीला शिकून पुण्यात नोकरीला लागलेली सव्वीस वर्षांची मुलगी आणि विसाव्या वर्षी लग्न होऊन सासरी गेलेली तिची मैत्रीण. दोघींना "तुला कधी दिवस गेले होते का?" असं विचारलं तर उत्तरं वेगळी येणारच. लशीचा त्यात काहीही हात नाही.

आणि प्रश्न तोच विचारला होता. "मूल हवं होतं, प्रयत्न केला, तरी राहिलं नाही" असं कोणालाही विचारलं नव्हतं. गर्भनिरोधक गोळ्या किंवा इतर साधनं कोण वापरत होतं याचा हिशेब विश्लेषणात धरलेला नव्हता. मूल न होणं आणि मूल होऊ न देणं यांतला फरकच ज्यात मोजला नाही, त्यावरून वंध्यत्वाबद्दल काही सांगता येत नाही. निबंध एकट्या व्यक्तीनं लिहिलेला आहे आणि ती व्यक्ती अर्थशास्त्र व वित्त विषयाची प्राध्यापक होती. एवढ्यावरून निबंध चूक ठरत नाही, पण स्त्रीरोग किंवा साथरोगशास्त्र जाणणारं कोणी सोबत असतं तर गर्भनिरोधनाचा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला असता.

लेखक कोण आहे हे तपासण्याची सवय लावून घ्या, कारण याच लशीबाबत २०१८ मध्येच दुसरं एक प्रकरण झालं, तेही आपल्या मुंबईतून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये. हे नियतकालिक प्रतिष्ठित आहे. स्वीडनमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग वाढतोय आणि त्याचा लशीशी संबंध असू शकतो, असं सांगणारा लेख त्यात आला. लेखकानं स्वतःला स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचा म्हणवलं होतं. त्या संस्थेनं कळवलं की अशी व्यक्ती आमच्याकडे नाही. नाव खोटं निघालं आणि लेख त्याच वर्षी मागे घेतला गेला. पेटीवर देवगड छापलं म्हणजे आत देवगड हापूस असेलच असं नाही, हे कोकणात वेगळं सांगायला नको. तपासायचं कसं? लेखकाचं नाव आणि संस्थेचं नाव एकत्र शोधा. संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, विभागाच्या पानावर ती व्यक्ती आहे का ते पाहा. मग पबमेडवर तेच नाव टाकून या विषयावर तिचं आधीचं काही काम आहे का ते बघा.

पैसे भरले की काहीही छापणारी नियतकालिकं आहेत, आणि ती थोडीथोडकी नाहीत. २०१३ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकानं मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवला होता. निम्म्याहून अधिक जणांनी तो स्वीकारला. अशा ठिकाणी नाव भारदस्त असतं, "आंतरराष्ट्रीय" असतंच, आणि निबंध पाठवल्यापासून स्वीकारेपर्यंत चार-पाच दिवस लागलेले असतात. पहिल्या पानावर 'रिसीव्हड' आणि 'ॲक्सेप्टेड' या दोन तारखा छापलेल्या असतात, त्यांतलं अंतर बघा. नेहमीच्या परीक्षणाला काही आठवडे ते काही महिने लागतात. तसंच पानाच्या वर 'प्रीप्रिंट' किंवा 'नॉट पिअर रिव्ह्यूड' असं लिहिलेलं असेल तर तज्ज्ञांनी तो अजून तपासलेला नाही. तो लगेच खोटा ठरवू नका, पण त्याच्या जिवावर मुलीचा निर्णयही घेऊ नका.

आता दुसरी बाजू, कारण निबंध खोडून काढला म्हणजे लस सुरक्षित ठरली असं होत नाही. त्यासाठी चांगला अभ्यास कसा दिसतो ते बघावं लागेल.

स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाची लशीची, आजाराची आणि कर्करोगाची नोंद सरकारी दप्तरात असते. कोणाला आठवून काही सांगावं लागत नाही. त्या नोंदींवरून १० ते ३० वयाच्या १६ लाख ७२ हजार ९८३ मुली आणि स्त्रियांचा २००६ ते २०१७ या काळाचा अभ्यास ऑक्टोबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. लस घेतलेल्या ५,२७,८७१ जणींमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग १९ जणींना झाला. न घेतलेल्या ११,४५,११२ जणींमध्ये ५३८ जणींना.

बारावी सायन्स आहात, भागाकार करून बघा. लाखामागे साडेतीन-पावणेचार विरुद्ध ४७. जवळपास तेरा पट फरक. पण अभ्यासकांनी हा आकडा निष्कर्ष म्हणून मांडलेला नाही, आणि हीच गोष्ट तुम्ही नीट पाहावी असं आम्हाला वाटतं. लस घेतलेल्या मुली वयानं लहान होत्या, आणि कमी वयात हा कर्करोग तसाही विरळा. लस घेणाऱ्यांच्या घरी शिक्षण आणि पैसा जास्त असू शकतो. म्हणून वय, राहण्याचा भाग, साल, आईवडिलांचं शिक्षण, घरचं उत्पन्न, आईचे पूर्वीचे आजार, हे सगळं हिशेबात धरून त्यांनी गुणोत्तर पुन्हा काढलं. ते आलं ०.३७. म्हणजे लस न घेतलेल्या सारख्याच परिस्थितीतल्या १०० जणींना कर्करोग झाला तर घेतलेल्या ३७ जणींना. सतराव्या वर्षाच्या आत लस घेतलेल्यांसाठी ते ०.१२ आलं, म्हणजे १०० च्या जागी १२. स्वतःच्या बाजूचा फुगलेला आकडा जो स्वतःहून खाली आणतो त्याच्यावर भरवसा ठेवायला जागा असते. भावोजींच्या पीडीएफमध्ये नेमकं हेच राहून गेलं होतं.

वंध्यत्वाच्या भीतीमागे सहसा एक आजार सांगितला जातो: अंडाशयाचं काम वेळेआधीच थांबणं. त्याबद्दल डेन्मार्कमध्ये अशाच नोंदींवरून सुमारे ९ लाख ९६ हजार मुली-स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन'मध्ये आला. गुणोत्तर होतं ०.९६, आणि कंसात ०.५५ ते १.६८. असा कंस दिसला की तो वाचायचा असा: गुणोत्तर १ असेल तर दोन्ही गटांत काही फरक नाही. कंसातले दोन आकडे म्हणजे खरं उत्तर ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा. पट्ट्याच्या आत १ येत असेल तर फरक सिद्ध झालेला नाही. हा पट्टा जरा रुंद आहे, कारण आजारच अतिशय दुर्मीळ आहे, इतक्या लाख मुलींमध्येही थोडकेच रुग्ण निघाले. शास्त्र "शून्य धोका" असं कधी लिहून देत नाही. धोका असलाच तर तो किती मोठा असू शकत नाही, हे ते सांगतं. जो कोणी "शंभर टक्के" अशी भाषा वापरतो, लशीच्या बाजूनं वा विरुद्ध, त्याच्याबाबत सावध राहा.

आता आंध्रच्या मुली. हा व्हिडिओ पूर्ण खोटा नाही, म्हणूनच जास्त भुलवतो. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत वीस हजारांहून अधिक मुलींना प्रायोगिक प्रकल्पात ही लस दिली गेली. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारनं प्रकल्प थांबवला. व्हिडिओ इथे संपतो.

पुढे चौकशीत मृत्यूंची कारणं समोर आली: पाण्यात बुडणं, सर्पदंश, कीटकनाशक पोटात जाणं, मलेरियासारखे ताप. लशीशी संबंध आढळला नाही. वीस हजार खेडेगावातल्या मुलींवर काही महिने लक्ष ठेवलं तर, लस असो वा नसो, यांतलं काही ना काही दुर्दैवानं घडतंच. पावसात आपल्याकडे किती जणांना पान लागतं, म्हणजे साप चावतो, ते तुम्ही बघताच. "लशीनंतर झालं" आणि "लशीमुळे झालं" या दोन विधानांत हा फरक आहे, आणि तो ओळखायला पुन्हा तोच प्रश्न लागतो: लस न घेतलेल्या तितक्याच मुलींमध्ये हे किती घडलं असतं?

पण त्याच प्रकल्पातली एक गोष्ट खरोखर चुकीची होती. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं ऑगस्ट २०१३ च्या अहवालात संमतीच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. बऱ्याच संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. यावर संताप येणं योग्यच आहे. मात्र हा संताप लस देणाऱ्यांच्या वागण्यावर आहे, लशीच्या परिणामांवर नाही. व्हिडिओ करणारे या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बांधतात. तुम्ही त्या सोडवून बघा. तुमच्या मुलीच्या बाबतीत सही तुमची लागेल आणि सहीआधी प्रश्न विचारायचा हक्कही तुमचाच आहे.

२०१० मध्ये लस देणं असं थांबवल्यामुळे भारतात चालू असलेला आणखी एक अभ्यास अर्धवट अडकला. मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहण्यासाठी तो सुरू झाला होता. बार्शी, पुणे आणि मुंबईची केंद्रंही त्यात होती. लस देणं मधेच थांबल्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. अभ्यासकांनी त्यांना सोडून दिलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त निष्कर्ष आले: १७ हजारांहून अधिक लसवंत मुलींमध्ये, विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एका डोसचं संरक्षण ९५.४ टक्के, तीन डोसांचं ९३.३ टक्के. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के याच दोन प्रकारांमुळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे या मुलींच्या माहितीचाही वाटा आहे. भारतीय मुलींवर, त्यातही आपल्या राज्यातल्या मुलींवर झालेलं काम आहे हे. सासूबाईंना "परदेशातलं आपल्याला कसं लागू होईल" असं वाटत असेल तर हे सांगा.

भावोजी पुढे म्हणतील, हे सगळं कंपन्यांच्या पैशावर चालतं. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर निबंधातच छापलेलं असतं. शेवटाकडे 'फंडिंग' आणि 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' अशी दोन शीर्षकं शोधा. लशींच्या सुरुवातीच्या चाचण्या कंपन्याच करतात, कायद्यानंच त्यांना स्वतःच्या लशीची तपासणी करून दाखवावी लागते. म्हणून तर नंतरचे, सरकारी नोंदींवर झालेले अभ्यास मोलाचे. वरच्या स्वीडिश अभ्यासाला पैसा स्वीडिश फाउंडेशन फॉर स्ट्रॅटेजिक रिसर्च आणि इतर काही संस्थांचा होता. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या पैशांवर चालणाऱ्या गटांची उत्तरं एकाच दिशेनं येत असतील तर एका निबंधापेक्षा त्यांचं वजन जास्त. लशीविरुद्धच्या साहित्यालाही हाच नियम लावा: व्हिडिओखाली काढ्याची किंवा सप्लिमेंटची जाहिरात आहे का?

लशीनंतरच्या त्रासांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेच्या 'व्हेअर्स' नोंदवहीत इतके मृत्यू, असेही आकडे येतील. त्या नोंदवहीत कोणीही काहीही कळवू शकतं, कारण सिद्ध झालेलं नसलं तरी. ती धोक्याची पहिली खूण टिपण्यासाठी आहे आणि ते काम ती चोख करते. रोटाव्हायरसची पहिली लस अमेरिकेत १९९८ मध्ये आली. आतड्यात आतडं शिरण्याचे रुग्ण याच नोंदवहीत दिसू लागले, पडताळणीत संबंध खरा निघाला आणि १९९९ मध्येच लस बाजारातून गेली. धोका साधारण दहा हजार बाळांत एक इतका कमी होता, तरीही पकडला गेला. पण खूण सापडल्यावर पडताळणी व्हावी लागते. नुसता आकडा उचलून उपयोग नाही. व्हिडिओतले गृहस्थ डॉक्टर असल्याचं सांगत असतील तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोंदणीत त्यांचं नाव शोधता येतं. आणि मोबाइलवरच्या एआयला विचारलंत तर त्यानं दिलेलं प्रत्येक शीर्षक पबमेडवर टाकून बघा. नसलेले निबंध तो छातीठोकपणे सांगू शकतो.

डॉक्टरांनी "काही होत नाही" म्हटलं, ते घाईत म्हटलं असेल, पण वाक्य अपुरं आहे. दंड दुखतो, सुजतो. ताप, डोकेदुखी येते. या वयाच्या मुलींना सुई टोचल्यावर भोवळ येणं नेहमीचं आहे, त्यात पडून डोक्याला लागू शकतं. म्हणून मुलीला काहीतरी खाऊ घालून न्या, बसवून किंवा आडवी करून लस द्यायला सांगा आणि अर्धा तास तिथेच थांबा. अंगावर तीव्र ॲलर्जी येण्याचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीनं २०१७ मध्ये दहा लाख डोसांमागे सुमारे १.७ असं नोंदवलं आहे. ती येते तेव्हा बहुधा याच अर्ध्या तासात येते, आणि उपचार तिथल्या तिथे करता येतो. आधीच्या कुठल्या लशीनं किंवा यीस्टनं तिला तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ते आधी सांगा. नंतर काही वेगळं वाटलं तर आरोग्य केंद्रात कळवाच, शिवाय देशाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक आहे १८००-१८०-३०२४. दुसरीकडे काय आहे तेही तराजूत घाला: २०२२ च्या जागतिक कर्करोग अंदाजानुसार भारतात एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू.

डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा लशीचं नाव विचारा, कुपीवरचा बॅच नंबर आणि मुदत कार्डावर लिहून घ्या. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी आणि गोठली तर बाद होते. आपल्याकडे पावसात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा फ्रिजला बॅकअप काय, हा प्रश्न विचारायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. त्यांच्याकडे वेळ नसेल तर रत्नागिरीच्या किंवा ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र विभाग आहे, ज्याला सगळे पीएसएम म्हणतात. लसीकरण हा त्यांचा रोजचा विषय. पीडीएफची प्रिंट घेऊन तिथे गेलात तरी चालेल.

ग्रुपवर भावोजींशी वाद घालू नका. त्यांना वैयक्तिक मेसेज करा, मागे घेतल्याच्या निवेदनाचा दुवा द्या आणि लिहा: "भावोजी, तुम्ही पाठवलेला निबंध जर्नलनं २०१९ मध्ये मागे घेतलाय, हे बघा. ग्रुपवर तुम्हीच टाकलंत तर बरं." ज्यानं पाठवलं त्यानंच दुरुस्त केलं की वाडी ऐकते, आणि त्यांचाही मान राहतो.

वेळेचं एवढं लक्षात ठेवा. भारतीय बालरोगतज्ज्ञ ९ ते १४ वयाला सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस सांगतात, पंधरावं पूर्ण झालं की तीन लागतात. मुलीला चौदावं चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत पहिला घेतलात तर दुसरा मे महिन्याच्या सुट्टीत येतो, शाळा बुडत नाही. सरकारी कार्यक्रमात तिच्या वयाला लस मिळते का आणि किती डोस, हे पैसे भरण्याआधी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या.